सत्तरच्या वर

न्हाई न्हाई मामा, तिथं न्हाई — ते घड्याळ हाय. त्याच्या अलीकडं बघा, खाली कोपऱ्यात, बारका तांबडा आकडा. दिसला? मोबाइलचे नंबर वाचता न्हवं तुम्ही, मग हेबी वाचा की. पाच आन् दोन — बावन्न. शाबास! खटकचिंचोळीचे रेवणप्पा पहिल्या झटक्यात पास झाले बघा. चहा घ्या, गार व्हायलाय. आन् ती घोंगडी कामून धरलाव मांडीवर गच्च, ह्या उन्हाळ्यात? वर पत्रा, भालकीचं ऊन, मी तुमच्यासाठी वरचा पंखा पाचवर केलाय आन् तुम्ही घोंगडी घेऊन बसलाव — ठिवा की बाजूला. बरं, असू द्या. राहू द्या मांडीवरच. पर कॉम्प्युटरला लावू नका तेवढी. एकदा लावली तेवढं बास झालं. सुनीलकुमार सरांच्या क्लासची इज्जत सगळ्या भालकीत गेली त्या घोंगडीपायी.

बाहेर जिन्यात बसलीय ना ती? बसू द्या. आत बोलवू नका. काय सांगायचं ते तुम्हाला सांगतो, तुम्ही जगदेवीला सांगा, तुमची लेक हाय. माझी बायको? व्हय, बायको हाय, न्हाई कोण म्हणतंय — पर नांदवायची का न्हाई ते आज ठरवायचंय न्हवं? त्याच्यासाठीच आलाव न्हवं सकाळच्या बसनं तिला घेऊन? मग नीट ऐका. आई — तुमचीच बहीण, पद्माबाई — ती काय म्हणायलीय ते सोडा. ती तर तुमच्यासमोर यायलाच तयार न्हाई, भाऊ आलाय म्हणलं तरी आतनं कडी लावून बसलीय. मी तिचं ऐकून न्हाई, कुणाचंच ऐकून न्हाई, मशीनचं ऐकून बोलतो. माणूस खोटं बोलंल. मशीन बोलत न्हाई.

तर ह्या डब्याच्या आत एक चौकोनी तुकडा असतो, बिस्किटाएवढा — त्याला प्रोसेसर म्हणतेत. सगळा इचार तोच करतो. आन् इचार केला की तापतो. त्या हिशोबानं तुमच्या लेकीचं डोकं जन्मात तापायचं न्हाई — हसा की मामा, थट्टा केली. हा आकडा म्हणजे त्या तुकड्याचा ताप. आता इथंच अडाणी माणूस चुकतो — त्याला वाटतंय, शंभरच्या खाली हाय म्हणजे ताप न्हाई, दवाखान्यातल्यावानी. तसं न्हाई. हे माप येगळं. पन्नास-पंचावन्न म्हणजे निवांत बसलंय. साठ म्हणजे कामाला लागलंय. पासष्टपर्यंत मी कपाळाला आठी घालत न्हाई. सत्तरच्या वर गेलं म्हणजे काहीतरी बिघडलंय. आन् पंच्याऐंशीला गेलं की ते कुणाला इचारत न्हाई, जीव वाचवायला आपलं आपण बंद पडतंय. हा दुसरा आकडा, एक्केचाळीस — तो बघू नका, तो डब्यातल्या हवेचा. हवा थंड असली तरी आत तुकडा जळत असतो, म्हणून हवेवरनं अंदाज करायचा न्हाई, तुकड्याचाच आकडा धरायचा. एवढं सगळं मी तिला बसवून सांगितलं होतं. मान डोलावत होती. मला वाटलं कळलं.

आता तुम्हाला खरं-खोटं करायचंय न्हवं? करू. तुमच्यासमोर करू, म्हणजे उद्या चिंचोळीत जाऊन म्हणायला नको की भाच्यानं फसवलं. मशीन चालू हाय. झाकण काढून ठेवलंय, आतलं सगळं उघडं. घोंगडी तुमच्या मांडीवर. म्हणजे मशीनवर घोंगडी न्हाई — बरोबर? आता आपण बोलत बसू. आकडा साठच्या आतबाहेर राहिला, तर दोष घोंगडीचा, म्हणजे घालणारीचा — तुम्ही लेकीला घेऊन दुपारच्या बसनं निघायचं, पुन्हा पंच बसवायचे न्हाईत, आईकडं रडत यायचं न्हाई. आन् घोंगडी नसताना आकडा सत्तरच्या वर गेला, तर ती त्या जिन्यातनं उठंल आन् सरळ माझ्या घरात जाईल. मी एक शब्द बोलणार न्हाई. बिरप्पाची आण. झालं? आता देवाची आण घेतली, आणखी काय पाहिजे तुम्हाला? बघत बसा आकड्याकडं, मी सांगतो काय झालं ते.

तिनं तिच्या परीनं सांगितलंच असंल. माझ्याकडनं ऐका. बेंगळूरच्या संस्थेचा साहेब क्लास बघाय येणार होता. त्यानं मान्यता दिली असती तर परीक्षा इथंच, सर्टिफिकेट इथंच — पोरं बीदरला गेली नसती, गुलबर्ग्याला गेली नसती, सगळी ह्या जिन्यानं वर आली असती. त्या एका दिवसासाठी मी किती घासलोय ते माझं मला ठाव. मशीन सकाळीच चालू करून ठेवलं, सगळं तयार — बंद करायचं न्हाई, कामून की एकदा बंद केलं की पुन्हा लवकर उठत न्हाई ते. आन् आम्ही जीप करून साहेबाला आणाय बीदरला गेलो. आम्ही म्हणजे मी आन् सुकन्या मॅडम. क्लासमध्ये शिकवतेत त्या, गुलबर्ग्याच्या, बी.सी.ए. झालेल्या, वडील मोठ्या हुद्द्यावर होते, आता भालकीत घर बांधलंय. साहेबाशी बोलाय कुणी जायचं मग? जगदेवीनं? तिला म्हणलं, तू हितं बस, ह्या आकड्याकडं बघ, सत्तरच्या वर गेला तर थंड कर, पर बंद करू नको. एवढंच काम. एवढंबी जमू न्हाई माणसाला?

अठ्ठावन्न. दिसलं मला, बोट दाखवू नका. साठच्या आतच हाय की.

आलो तर काय बघतो! घोंगडी पाण्यात बुडवलेली, पिळलेली, आन् डब्याभोवती गुंडाळलेली — रानात तुम्ही घागरीला गुंडाळता न्हवं, पाणी गार राहाय, तशी. आन् ही समोर मांडी घालून सुपानं वारा घालायलीय. सूप! घरातनं आणलेलं, दाणे पाखडायचं. घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले, डोळे त्या आकड्यावर. मला बघून काय म्हणली ठाव हाय? "बहात्तरच्या पुढं जाऊ दिलं न्हाई," म्हणली. गड जिंकल्यावानी. इजेच्या यंत्राला ओली घोंगडी, मामा! करंट लागून मेली असती तर नाव कुणाचं गेलं असतं? माझं. तुम्ही हितं छाती बडवत आला असताव.

आन् माझ्या मागं साहेब उभा. त्यानं एकदा घोंगडीकडं बघितलं, एकदा हिच्याकडं, आन् हसला. "इदेन्री, कंप्यूटरगे चळि आगतदेन्री?" — कॉम्प्युटरला थंडी वाजायलीय का म्हणं. मॅडमबी हसल्या. तोंडाला रुमाल लावून, पर हसल्या. मग साहेबानं घोंगडी चिमटीत धरून बघितली आन् मला इचारलं, "नीवु कुरुबरेन्री?" — तुम्ही धनगर का म्हणं. साधंच इचारलं त्यानं, वाईट मनानं न्हाई. पर मॅडमसमोर. मी क्लासच्या पाटीवर आडनाव लावलेलं न्हाई मामा, नुसतं सुनीलकुमार सर लिवलंय. एवढी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला न्हाई. आईला सांगून ठेवलंय, क्लासकडं येताना ते मोठं कुंकू, ते हातावरचं गोंदण — येऊच नको म्हणलं. आन् हिनं एका घोंगडीत सगळं उघडं पाडलं. तुम्ही कामून असं बघायलाव? तुमच्या अंगाला मेंढराचा वास येतो, तो तुम्हाला कळत न्हाई, दुसऱ्याला कळतो. आतासुद्धा येतोय. मला लाज वाटली तर माझं काय चुकलं?

ठाव हाय, ठाव हाय ती कोणती घोंगडी ते. लग्नात तिच्यावरच बसवलं होतं आम्हाला, ओळखू येत न्हाई का मला? तुम्ही सोता लोकर कातलेली. आन् हे मशीनबी तुमचीच मेंढरं इकून आलेलं, तेबी ठाव हाय, ते काढू नका आता — लग्नात दिलं ते दिलं, दिलेल्याचं नाव घेऊ न्हाई माणसानं. मी घोंगडी ओढली आन् जिन्यातनं खाली फेकली. साहेबाला खुर्चीवर बसवलं, सॉरी म्हणलं, सगळं एकेक करून दाखवाय लागलो. मॅडम समजावून सांगायलत्या, साहेबबी रमला होता. आन् मधीच फटकन सगळं काळं. बंद! साहेब उठला, हात झटकले, "आयतु, आयतु," म्हणला, झालं म्हणं, आन् गेला. मान्यता गेली.

काय? परत बोला. — काढल्यावर बंद पडलं, व्हय. घोंगडी काढल्यावर. तुम्ही काय वकील हाव का? घोंगडी होती तवर बहात्तर होतं, काढली आन् बंद पडलं — दिसायला तसं दिसतंय, पर त्याचा अर्थ तसा न्हाई. आधीच ऊब आत कोंडली होती न्हवं? ती मागनं बाहेर आली. ह्यातलं तुम्हाला कळायचं न्हाई, शिकलेल्या माणसाला कळतंय ते.

आन् मारलं म्हणून सांगितलं तिनं? बघा! खोटं. ढकललं मी. ढकलण्यात आन् मारण्यात फरक असतो का न्हाई? साहेब गेल्यावर ही घोंगडी उचलून पुन्हा वर आली, धूळ झटकत, तोंडावर काही न्हाई, जसं काय झालंच न्हाई — मग ढकललं. जिन्याचा कठडा लागला तिला. तो कठडा का मी लावलाय हितं? संध्याकाळी आईनं तिला बसमध्ये बसवलं, ते बरंच केलं, मी असतो तर काय झालं असतं मलाच सांगता येत न्हाई.

चौसष्ट. व्हय, चौसष्ट. पासष्टपर्यंत चालतंय म्हणलं न्हवं? — ते आत काहीतरी चालू झालंय, थांबा. हां, हे बघा, व्हायरस तपासणारं आपोआप सुरू होतंय दुपारचं. मशीन कामाला लागलं की आकडा चढणारच. थांबवतो. थांबवलं. आता बघा कसा उतरतोय.

उतरंल. दम धरा.

सहासष्ट. खिडकीतनं झळ यायलीय, तुम्ही जरा सरकून बसा की, दोन माणसं बसली की खोली तापतीच. एकोणसत्तर. हे बघा, सत्तर म्हणजे काय अगदी रेघ न्हाई मारलेली, व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी आकडा उड्या मारतो. आन् मी पाच मिनिटं म्हणलं होतं, तुम्ही तास लावलाव. म्हणलं न्हवतं? म्हणलं होतं. — ए, आत हात घालू नका! करंट बसंल! काय बघायलाव एवढं वाकून? ती? ती सुतळी हाय. पंखा बांधलाय सुतळीनं. त्या तुकड्याच्या डोक्यावर पंखा असतो, त्याची ऊब काढाय. बारका हाय, व्हय. जुना हाय. घरघर करतो थोडा, पर फिरतोय न्हवं?

गाठ? कसली गाठ? — तुमच्या घरची गाठ. आता गाठीला काय नाव लिवलेलं असतं का! व्हय, तिनंच मारलीय. मी धरलं होतं, तिनं सुतळी गुंडाळली, लोकरीच्या गठ्ठ्याला मारतेत तशी मारली. माझ्या हातानं सारखी सुटायलती. मग? बायको हाय, एवढं काम केलं तर काय झालं? तेव्हा ती म्हणायलती की हा लई बारका हाय, मोठा पंखा कामून काढलाव — म्हणजे तिला पंख्यातलं काय कळतंय?

मोठा कुठं गेला म्हणजे? दुसऱ्या मशीनला बसवलाय. कोणत्या म्हणजे? — मॅडमच्या घरी. त्यांना घरी बसून क्लासचं टायपिंग करावं लागतंय, त्यांचं मशीन फार तापायलतं, बिचाऱ्या सारखं म्हणायच्या सर काहीतरी करा, सर काहीतरी करा. हितं काय, दिवसातनं थोडा वेळ चालतंय. म्हणलं त्यांना नीट बसवून देऊ. मी सोता जाऊन बसवून दिला. चहा केला त्यांनी. त्यांची आई बोलली, वडील बोलले, चांगली माणसं. एकदम एकोणपन्नासवर आला बघा त्यांच्या मशीनचा आकडा! एकोणपन्नास! मॅडमनी टाळी वाजवली. — हे सगळं त्या साहेबाच्या आधीचं, व्हय, शिवरात्रीच्या सुमारचं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध? तुम्ही कशाला काय जोडायलाव?

आता त्या येत न्हाईत क्लासला. त्या दिवसापासून न्हाईत. वडिलांनी निरोप पाठवला, पोरीची तब्येत बरी न्हाई म्हणून. तब्येतीला काय झालंय, मी काल बघितलं बाजारात — मला बघून पलीकडं गेल्या. तुमच्या घोंगडीपायी! पंखाबी तिकडंच राहिला. मागाय कसा जाऊ, कोणत्या तोंडानं? पर गैरसमज निघतेत मामा, माणसांचे गैरसमज निघतेत. घरातलं एकदा निपटलं, ही कटकट गेली, मी मोकळा झालो की मग सरळ त्यांच्या वडिलांना जाऊन — क्लासबद्दल. क्लासबद्दल बोलाय जाईन म्हणतोय मी. तुम्हाला काय वाटलं?

उठलाव कुठं? कुठं निघालाव? — तिला बोलवाय? थांबा. बसा खाली. बसा म्हणलं न्हवं! त्र्याहत्तर हाय, दिसायलंय मला, आंधळा न्हाई मी. बिरप्पाची आण घेतली, व्हय घेतली — पर झाकण उघडं असताना घेतली, तशात आकडा खरा येत न्हाई, ही गोष्ट मी सांगायची राहिली. आन् बिरप्पाला काय करायचंय कॉम्प्युटरचं? तुम्ही शब्दात धरायलाव मला? सख्ख्या भाच्याला? लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलं म्हणून जन्मभर शब्दात धरणार? मला ती नको हाय मामा. आकडा पन्नास असू द्या न्हाईतर शंभर. नको हाय. सकाळी उठून तिचं तोंड बघितलं की मला चिंचोळी दिसती, मेंढरांचं वाडगं दिसतंय, लेंड्या दिसतेत. तुम्ही कशाला ते डोळे पुसायलाव आता, बायकांसारखं?

अठ्ठ्याहत्तर. हे थांबतंय कामून न्हाई. पंखा — पंखा हळू झालाय का? — ए, तू कामून आत आलीस? जिन्यात बस म्हणलं होतं न्हवं? बापाच्या मागं उभी राहू नको, सावली पडायलीय. काय? काय पुटपुटायलीस? — "आता बंद पडंल" म्हणती! बघा, ऐका तुमच्या लेकीचं तोंड! तुला काय कळतंय गं त्यातलं? एक दिवस आकड्याकडं बघितलंस म्हणून शहाणी झालीस? कुठं बंद पडतंय, आता उतरंल ते, नुसता वारा पाहिजे त्याला, जरासा वारा — ते सूप कुठं हाय? हितंच कोपऱ्यात होतं. उभी काय राहिलीस, दे की ते हिकडं! एक्क्याऐंशी. दे लवकर. सरका मामा, मधी येऊ नका — त्र्याऐंशी — अरे थांब की बाबा, थांब, थांब —

लाइट गेली.

लाइट गेली बघा. दुपारची जातीच हितं. त्यामुळं ह्याचा निकाल काही लागला न्हाई, हा आकडा कुणी धरायचा न्हाई. तुम्ही वर काय बघायलाव? वरचा पंखा फिरायलाय तर फिरू द्या. आन् तूबी वर बघू नको. लाइट गेली म्हणलं न्हवं मी? मग गेली. ते सूप ठेव खाली. मामा, घोंगडी उचला आन् निघा, चिंचोळीची बस सुटंल.